पाच हजारांचे दोन वाईड आणि जन्मभराची बंदी

वाचकांचे प्रश्न, सरांची उत्तरं

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना टेनिस बॉल टूर्नामेंटमधल्या बेटिंगबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की या वेळी बॅट कुठली घ्यावी, खांदा दुखतो काय करू वगैरे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच गोष्ट विचारलीय, कोवळ्या पोरानं पैसे घेऊन खेळ विकला तर त्याला शिक्षा किती करायची. नावं कुणाचीच छापत नाही, गावं पण तालुक्यापुरतीच ठेवलीत.

प्रश्न : सर नमस्कार. माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला. लहानपणापासून बॉलिंग चांगली टाकतो. दिवाळीनंतर आमच्याकडं डे-नाईट टूर्नामेंट झाली, यूट्यूबवर लाईव्ह होती. सेमीफायनलला त्यानं शेवटून दुसऱ्या ओव्हरला लागोपाठ दोन वाईड टाकले आणि मॅच गेली. नंतर कळलं की टीममधल्याच एका मोठ्यानं, ज्याला हा दादा दादा म्हणून मागं फिरायचा, त्यानं पाच हजार देतो म्हणून सांगितलं होतं, त्यातले दोनच हजार हातात आले. एकाच्या फोनवर मेसेज सापडला आणि सगळं फुटलं. गल्लीतल्या पंच मंडळींनी देवळात बसवून सगळ्यांसमोर विचारलं, यानं होय म्हटलं, रडला. आता याला जन्मभर कुठल्याच टूर्नामेंटला घ्यायचं नाही असं ठरलंय. माफीनामा कन्नडात लिहून सही घेतली, मला कन्नड वाचता येत नाही. त्या दादाला दोन वर्षं फक्त, कारण तो मंडळाचं काम करतो म्हणे. पोरगं घराबाहेर पडेना, कॉलेजला जाईना, वडील त्याच्याशी बोलत नाहीत. चूक आहे हे मला कळतं सर, पण जन्मभर? की मी आई आहे म्हणून मला असं वाटतंय? — एक आई, खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही आई आहात म्हणून तसं वाटतंय असं नाही, मलाही तसंच वाटतं, आणि मी तुमच्या मुलाला कधी बघितलेलंही नाही.

पण आधी कडू बोलतो, ते टाळलं तर पुढचं बोलायचा मला हक्क नाही. दोन वाईड म्हणजे दोनच रन, त्यात काय एवढं, असं घरात कुणी म्हणत असेल तर म्हणू देऊ नका. त्या टीममधली बाकीची दहा पोरं, त्यातला एखादा उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्टला जात असेल, एका दिवसाचा पगार सोडून खेळायला आला असेल, एखाद्यानं मित्राकडनं बूट मागून आणले असतील, ती सगळी जिंकायला म्हणून पळत होती आणि मॅच कुठं जायची ते एकाच्या फोनवर आधीच ठरलं होतं. त्या दहाजणांची संध्याकाळ चोरीला गेली ताई. तुमच्या मुलाला हे कळायला पाहिजे, आणि ते त्याला शिव्या देऊन कळणार नाही, त्या दहाजणांसमोर बसवल्यावर कळेल.

आता शिक्षेचं. तुमच्या गावानं जे केलंय ते उलटं केलंय, आणि हे मी मनाचं सांगत नाही, जगातल्या सगळ्यात गाजलेल्या केसमध्ये काय झालं ते बघा. २०१० च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तान-इंग्लंड टेस्ट होती. मोहम्मद आमिर तेव्हा १८ वर्षांचा, आसिफ त्याचा सीनियर, सलमान बट कॅप्टन. माजिद नावाच्या एजंटनं एका इंग्लिश पेपरच्या माणसाकडनं, जो श्रीमंत गिऱ्हाईक बनून आला होता, दीड लाख पौंड घेतले आणि कुठल्या ओव्हरचा कुठला बॉल नो पडणार ते आधीच सांगितलं, आणि तसेच पडले, आमिरचे दोन, आसिफचा एक. आमिरचा पाय क्रीजच्या एवढा पुढं होता की बघणाऱ्यांना तिथल्या तिथं विचित्र वाटलं. मग २०११ च्या फेब्रुवारीत आयसीसीच्या, म्हणजे जागतिक क्रिकेट संघटनेच्या, ट्रायब्युनलनं निकाल दिला : कॅप्टन बटला १० वर्षं, त्यातली ५ सशर्त माफ, आसिफला ७, त्यातली २ सशर्त, आणि आमिरला ५. आमिरची पाच म्हणजे नियमात जी कमीत कमी होती ती. त्याहून कमी द्यायची मुभाच ट्रायब्युनलला नव्हती, आणि अशा वेगळ्या केससाठी थोडी मोकळीक असावी असं त्यांनी आयसीसीला सुचवलं सुद्धा. पुढं लंडनच्या कोर्टात बटला ३० महिने, माजिदला दोन वर्षं आठ महिने, आसिफला एक वर्ष आणि आमिरला सहा महिने जेल झाली. म्हणजे बघा, ज्यानं सांगितलं त्याला जास्त, ज्यानं ऐकलं त्याला कमी. तुमच्याकडं ज्यानं सांगितलं तो दोन वर्षांनी परत मंडळात येऊन बसणार, आणि ज्यानं ऐकलं तो जन्मभर बाहेर.

आणखी एक केस सांगतो, ती जास्त तुमच्या मुलासारखी आहे. इंग्लंडमध्ये एसेक्स म्हणून काउंटी आहे, तिथं मर्विन वेस्टफिल्ड नावाचा फास्ट बॉलर होता. २००९ ला एका वनडेत पहिल्या ओव्हरला ठरलेले रन द्यायचे म्हणून त्यानं ६ हजार पौंड घेतले, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. त्याला या रस्त्याला लावणारा त्याच्याच टीममधला पाकिस्तानचा टेस्ट प्लेअर दानिश कनेरिया, असं इंग्लंडच्या बोर्डाला आढळलं. वेस्टफिल्डनं कोर्टात गुन्हा कबूल केला, चार महिने जेल झाली, बोर्डानं पाच वर्षं बंदी घातली. कनेरियाला जन्मभर. कनेरिया कित्येक वर्षं मी नाही मी नाही म्हणत राहिला आणि २०१८ ला शेवटी कबूल केलं. वेस्टफिल्ड मात्र पुढं तरुण प्लेअर्सना जाऊन सांगायला लागला की माझं काय झालं बघा, आणि त्यानंतर त्याला क्लब क्रिकेट खेळायला थोडं लवकर परत घेतलं.

आयसीसीच्या नियमातच लिहिलेलं आहे ताई, शिक्षा ठरवताना वय लहान आहे का, अनुभव कमी आहे का, लगेच कबूल केलं का, हे बघायचं. तुमच्या मुलानं पहिल्याच बैठकीत होय म्हटलं. त्याची किंमत पंच मंडळींनी शून्य धरली. याचा परिणाम काय होतो तर पुढच्या वर्षी दुसरं पोरगं सापडलं की ते काहीच कबूल करणार नाही, कारण कबूल करून काय मिळतं ते त्यानं बघितलेलं आहे.

आता माझ्या आयुष्यातली एक गोष्ट, जी मी आजवर कुठं लिहिली नव्हती. पंचवीसेक वर्षांमागं मी एका टूर्नामेंटच्या कमिटीत होतो, कुठली ते सोडा. एका १८-१९ वर्षांच्या विकेटकीपरनं पैसे घेऊन दोन कॅच सोडले हे उघड झालं. आम्ही पाचजण बसलो आणि दहा मिनिटांत त्याला कायमचं बाहेर काढलं, मी पण हात वर केला. आमच्या मनात एकच, उदाहरण घालून द्यायचं. तो पोरगा वर्षभर गल्लीच्या कोपऱ्यावर बसून होता, टेनिस नाही, लेदर नाही, कुणी नेटला पण उभं करेना. मग ज्या माणसानं त्याला पैसे दिले होते त्यानंच त्याला परत जवळ केलं. बाकी कोण करणार होतं? दोन-तीन वर्षांनी तो त्याच ग्राउंडच्या कडेला उभा राहून सेशनची, म्हणजे अमुक ओव्हरमध्ये किती रन होणार यावर लावलेल्या पैशांची, वसुली करायचा आणि दुसऱ्या कोवळ्या पोरांना बाजूला घेऊन बोलायचा. त्या बोलण्यातनं आणखी किती पोरं गेली देव जाणे. त्या बुकीनं, म्हणजे सट्टा घेणाऱ्यानं, त्याला एकदा ओढलं आणि आम्ही पाचजणांनी त्याला कायमचं त्याच्याकडं ढकललं, हे मला आज पण रात्री टोचतं. म्हणून सांगतो, ज्या पोराला परत यायची तारीख नाही ते पोरगं बुकीला सगळ्यात स्वस्त पडतं.

आणि तुमच्या भागात ही बंदी पाळली तरी जाणार आहे का? खानापूरनं बंदी घातली तर चंदगड किती लांब आहे, गडहिंग्लज आहे, खाली गोवा आहे. राज्याची सीमा ओलांडली की कोण विचारतोय. पोरगं दुसऱ्या नावानं जाऊन खेळेल, आणि जो त्याला नाव बदलून खेळवेल तो चांगला माणूस नसणार.

मग करायचं काय. मी पंच मंडळींना हे सुचवलं असतं, आणि तुम्ही सांगत असाल तर जाऊन सांगतो. मुलाला एक वर्ष टूर्नामेंट बंद. पण तारीख लिहून, अमुक दिवशी परत येणार असं. त्या वर्षात प्रॅक्टिसला यायचं, नेट बांधायचं, टूर्नामेंटला स्कोअर लिहायचा. स्कोअररच्या टेबलावर बसलं की प्रत्येक बॉलची किंमत कळते. दोन हजार रुपये परत करायचे, त्या बुकीला नाही, मंडळात जमा करायचे. दहाजणांसमोर माफी मागायची, देवळात गर्दी जमवून नाही, ड्रेसिंगला जिथं सगळे बसतात तिथं. माफीनामा मराठीत पण लिहायचा म्हणजे तुम्हाला वाचता येईल आणि वडिलांना पण. आणि त्या दादाला मंडळाच्या कामातनं, टीम निवडण्यातनं, कॅप्टनशिपमधनं कायमचं बाहेर. १७ वर्षांच्या पोराला पुढं करून आपण मागं राहणाऱ्या माणसाला परत पोरांमध्ये बसू देऊ नये, या बाबतीत माझं मन अजिबात मऊ होत नाही.

वडिलांना माझा निरोप सांगा. ते बोलत नाहीत कारण त्यांना लाज वाटते, मला कळतं. पण पोरगं रोज त्यांच्या चपलांचा आवाज ऐकून भिंतीकडं तोंड करत असेल. आज रात्री जेवताना त्यांनी एवढंच विचारावं, उद्या कॉलेजला सोडू का. क्रिकेटचं नंतर बोलता येईल. आणि सेकंड पीयूसीची परीक्षा क्रिकेटपेक्षा आधी आहे. पोरगं जेवायचं-झोपायचं सोडायला लागलं किंवा जगून काय करू असलं काही बोललं तर त्याला एकटं ठेवू नका, सरकारी दवाखान्यात किंवा ओळखीच्या डॉक्टरकडं तिथल्या तिथं न्या, लाजू नका.

प्रश्न : सर, तुमचं मत मऊ आहे असं ऐकलंय. आम्ही वीस वर्षं टूर्नामेंट भरवतो, लाखभराचं बक्षीस गोळा करताना चपला झिजतात, आणि हे पोरं दहा हजारात विकून टाकतात. धाक पाहिजे म्हणजे पाहिजे. आमिर परत आला आणि चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलला आपल्याच रोहित-विराटला काढून हिरो झाला, यातनं पोरांनी काय शिकायचं? एकदा सापडला की संपला, हाच नियम पाहिजे. — टूर्नामेंट कमिटी मेंबर, निपाणी

दादा, तुमचा राग खरा आहे आणि तुम्ही जी चप्पल झिजवता ती मी पण झिजवलीय, दुकानादुकानात पावती पुस्तक घेऊन फिरलोय. म्हणून तुम्हाला हलकं उत्तर देत नाही.

१८ जून २०१७, ओव्हल. रोहित शून्यावर, विराट ५ वर, मग धवन, तिघंही आमिरनं काढले आणि आपण १८० रननी हरलो. माझ्या पण पोटात गोळा आला होता. पण हा माणूस फुकट परत आला नव्हता. १८ ते २३ ही वर्षं फास्ट बॉलरच्या आयुष्यातली काय असतात ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, ती सगळी गेली, आणि परक्या देशात जेल भोगली. परत यायची वेळ आली तेव्हा त्याच्याच टीममधल्या काहींनी त्याच्याबरोबर कॅम्पला बसायला नको म्हटलं. याला शिक्षा नाही म्हणायचं तर मग शिक्षा कशाला म्हणायचं?

धाकाचं सांगतो. २००० साली दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन हॅन्सी क्रोनिएवर जन्मभर बंदी, अझरुद्दीनवर जन्मभर, अजय शर्मावर जन्मभर. यापेक्षा मोठा धाक क्रिकेटमध्ये कुणी दिलाय? तरी २०१० ला लॉर्ड्स झालं, २०१२ ला टीव्हीच्या स्टिंगमध्ये आपली पाच पोरं सापडली, त्यातल्या सुधींद्रला जन्मभर बंदी बसली, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात आयपीएलमधल्या राजस्थान रॉयल्सच्या तिघांना दिल्ली पोलिसांनी उचललं. प्रत्येक वेळी जन्मभराची बंदी होती की समोर. पोरगं पैसे घेताना शिक्षा किती हे मोजतच नाही, आपण सापडणार नाही एवढंच त्याच्या डोक्यात असतं. म्हणून तुमच्या टूर्नामेंटला खरा धाक बसवायचा असेल तर फोन मॅचच्या आधी एका पिशवीत जमा करा, लाईव्ह दाखवताय तर ते थोडं उशिरानं दाखवा, आणि ग्राउंडच्या कडेला जो दोन फोन घेऊन प्रत्येक बॉलला कुजबुजतो त्याला हाकला. त्याला तुम्ही ओळखता. खरं बोलायचं तर बहुतेक कमिट्या ओळखतात, आणि कधीकधी त्याच्याच ओळखीनं बक्षिसाचा स्पॉन्सर मिळालेला असतो म्हणून गप्प बसतात. तिथं कडक व्हा, मी तुमच्या मागं उभा राहतो.

क्रोनिएच्याच टीममधल्या हर्शेल गिब्जचं आठवतं का? २००० च्या मार्चमध्ये नागपूरच्या वनडेला त्यानं २० च्या आत आउट व्हायचं म्हणून क्रोनिएनं १५ हजार डॉलर देऊ केले होते, हा होय म्हणाला, मग बॅटिंगला गेल्यावर ७४ मारले. पैसे मिळाले नाहीत, पण होय म्हणाला होता म्हणून सहा महिने बंदी बसली. ती भोगून तो आणखी नऊ-दहा वर्षं खेळला आणि परत त्या वाटेला गेला नाही. कॅप्टन गेला तो कायमचा गेला. मला ही वाटणी पटते.

पण जिथं मी तुमच्या बाजूनं आहे ते पण सांगतो. एकदा शिक्षा भोगून परत घेतल्यावर दुसऱ्यांदा सापडला तर कायमचा बाहेर, त्यात वय बघायचं नाही. आणि कोवळं पोर कुणाला म्हणायचं याची पण हद्द आहे. राजस्थान रॉयल्सच्या त्या तिघांतला श्रीशांत २०१३ ला ३० वर्षांचा होता, वर्ल्डकप जिंकलेल्या टीममधला. त्याच्या केसमध्ये दिल्लीच्या कोर्टानं २०१५ ला त्याला सोडलं, पुढं सुप्रीम कोर्टानं २०१९ ला जन्मभराच्या बंदीवर परत विचार करा म्हणून बोर्डाला सांगितलं आणि ती सात वर्षांवर आली, तो कायद्याचा भाग झाला. पण ३० वर्षांच्या माणसाला पोरगं होतं, कळत नव्हतं असं कुणी म्हणत असेल तर ते मी ऐकून घेणार नाही. माझ्या हिशेबात १८ च्या आतलं पोर वेगळं, १८ ते २२-२३ पर्यंत वय बघून कमी करायचं, आणि जो पाच-सात सीझन खेळलाय, ज्याच्याकडं बाकीचे बघून शिकतात, त्याला उलट जास्त.

प्रश्न : मी बेळगावात एलएलबी करते. आमच्या वर्गात वाद झाला की मॅच फिक्सिंग हा गुन्हा आहे की नाही. केपीएलच्या वेळी तर अटका झाल्या होत्या ना, मग पुढं काय झालं? — विद्यार्थिनी, शहापूर

हा प्रश्न आपल्या गावाच्या दारातला आहे. २०१९ ला कर्नाटक प्रीमियर लीगचं प्रकरण बेंगळुरूच्या क्राइम ब्रँचनं उघडलं आणि पहिल्यांदा जे नाव आलं ते आपल्या बेळगावी पँथर्सच्या मालकाचं, सप्टेंबरमध्ये त्याला अटक झाली. मग दुसऱ्या टीमचे प्लेअर, बॉलिंग कोच, नोव्हेंबरमध्ये बळ्ळारी टीमच्या कॅप्टनसकट दोघं, फायनलला हळू खेळायला वीस लाख घेतल्याचा पोलिसांचा आरोप होता. ज्या टीमच्या शर्टावर आपल्या गावाचं नाव त्या टीमबद्दल पेपरात हे वाचताना इथल्या नेटवरच्या पोरांची तोंडं कशी झाली होती ते मी बघितलंय. त्यानंतर केपीएल झालीच नाही, २०२२ पासून महाराजा ट्रॉफी सुरू झाली.

कोर्टाचं म्हणशील तर २०२२ च्या जानेवारीत कर्नाटक हायकोर्टानं अर्ज केलेल्या चौघांवरची केस रद्द केली. कोर्ट म्हणालं की प्लेअरनं फिक्सिंग केलं तर खेळावर प्रेम करणाऱ्या लोकांना फसवल्यासारखं वाटेल हे खरं, पण तेवढ्यानं कलम ४२० लागत नाही, कारण प्रेक्षक तिकीट आपणहून काढतो, त्याला फसवून काढायला लावलेलं नसतं. यात अप्रामाणिकपणा आहे, बेशिस्त आहे, पण कारवाई करायची ती बोर्डानं. म्हणजे आज आपल्याकडं फिक्सिंगसाठी वेगळा असा कायदा नाही, बोर्डाची बंदी हीच खरी शिक्षा. क्रिकेट बोर्ड सुधारायला सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या लोढा समितीनं २०१६ ला कायद्यानं हा गुन्हा ठरवा म्हणून सांगितलं होतं. श्रीलंकेनं २०१९ ला तसा कायदा केला, दहा वर्षांपर्यंत जेल.

माझं मत विचारशील तर कायदा पाहिजे. पण तो लिहिताना पैसे लावणारा, एजंट, मालक, कोच यांच्यासाठी लिहावा आणि १९-२० च्या पोरांसाठी जेल हा पहिला उपाय नसावा. तू वकील होणार आहेस, तुझ्या वर्गात हे भांडून बघ, तुमच्यातला कुणीतरी उद्या हे लिहायला बसेल.

प्रश्न : सर मी १९ वर्षांचा आहे, लेदर बॉल खेळतो, धारवाड झोनच्या ट्रायल्स देणार आहे. इन्स्टावर एकानं फॉलो केलं, बॉलिंगचे व्हिडिओ बघून कौतुक केलं, मग स्पाइक्स पाठवले कुरिअरनं, साडेसात हजाराचे. मी घेतले. आता म्हणतोय की मॅचच्या आधी पिच कसं आहे आणि टॉस जिंकला तर काय घेणार एवढंच सांग. मी अजून काही सांगितलेलं नाही. घरात कुणाला माहीत नाही. मी सापडलो का? — चिक्कोडी तालुका

बाळा, अजून नाही सापडलास. पण आज रात्रीच सुटायचं.

हे सगळं असंच सुरू होतं, स्पाइक्सपासून. आधी कौतुक, मग वस्तू, मग काहीतरी एवढंसं, ज्यात तुला काही चुकीचं वाटू नये, आणि एकदा का तू एवढंसं सांगितलंस की त्याच्याकडं तुझे मेसेज असतात आणि मग तो गोड बोलत नाही. पिच आणि टॉस सांगणं ही आतली माहिती आहे, ती सांगणं हाच नियमात गुन्हा आहे, पैसे घेतलेस की नाही याचा संबंध नाही.

त्याला उत्तर देऊ नकोस, शिव्या पण देऊ नकोस, ब्लॉक करायच्या आधी सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेव, कुरिअरची चिठ्ठी असेल तर ती पण. उद्या सकाळी घरात सांग, आधी घरात, मग कोचला. कोच आणि तू मिळून असोसिएशनला लेखी कळवा. स्पाइक्स वापरू नकोस, तसेच बॉक्समध्ये त्यांच्याकडं जमा कर. तू स्वतः जाऊन सांगितलंस तर तुझी बाजू भक्कम आहे. गप्प बसलास तर गप्प बसण्याची पण शिक्षा असते. शाकिब अल हसननं फिक्सिंग केलं नव्हतं, बुकीनं विचारलं हे फक्त कळवलं नव्हतं, तेवढ्यावर २०१९ ला दोन वर्षं बंदी, त्यातलं एक सशर्त, आणि तो तेव्हा बांगलादेशचा कॅप्टन होता. राजस्थान रॉयल्सच्या सिद्धार्थ त्रिवेदीला पण न कळवल्याबद्दल एक वर्ष बसलं.

वर ज्या वेस्टफिल्डचं लिहिलंय, त्यानं पैशाची पिशवी टीममधल्या पॅलाडिनो नावाच्या पोराला दाखवली होती. त्यानं ते पोटात ठेवलं नाही, पुढं साक्ष पण दिली, आणि नंतर कितीतरी वर्षं काउंटी खेळला. सांगणाऱ्याचं करिअर संपतं असं तुला कुणी सांगत असेल तर त्याला हे सांग.

ट्रायल्सला जाणारेस ना, जा. कोचशी बोलायला भीती वाटत असेल तर मासिकाच्या नंबरवर माझ्या नावानं निरोप ठेव, मी तुझ्याबरोबर येतो.

प्रश्न : पोरांना शिक्षा करताय, पण टीव्हीवर बेटिंग ॲपच्या जाहिराती करणाऱ्या स्टारना कोण विचारणार? — वाचक, गोकाक

बरोबर विचारलंत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला. ॲप चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत जेल आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाख, आणि नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायद्यानं पण मोठ्यांना आधी धरलंय, हे मला पटलं. पण व्हॉट्सॲपवरनं सट्टा लावायला जो आयडी मिळतो तो अजून मिळतोच, तो देणारा आपल्याच गल्लीत असतो, आणि त्याला धरायला दिल्लीचा कायदा एकटा पुरत नाही.

प्रश्न : मी मराठी शाळेत पीटी शिक्षक आहे. सातवी-आठवीच्या पोरांना या विषयावर सांगावं का, की सांगून उलट त्यांच्या डोक्यात भरवल्यासारखं होईल? — बेळगाव तालुका

सांगा सर. त्यांच्या डोक्यात ते आधीच भरलेलं आहे, आयपीएल सुरू झाली की सातवीतली पोरं सट्ट्याचे रेट सांगतात, मी कानांनी ऐकलंय. वर्गात भाषण नको, ग्राउंडवर गोल करून बसवा, गिब्जची नागपूरची गोष्ट सांगा आणि विचारा, तुझ्या कॅप्टननं तुला असं सांगितलं तर तू काय करशील. पोरं खरं बोलतात, काही म्हणतील कॅप्टनचं ऐकणार. तिथंच थांबा आणि त्या पोरांशी बोला, कारण कॅप्टनला, दादाला, सरांना सुद्धा नाही म्हणता येतं हे त्यांना घरात कुणी शिकवलेलं नसतं. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मला वेळ आहे, बोलवलंत तर येतो, येताना स्कोअरबुक घेऊन येतो.